चाळणीत राहिलेली अकरा नावे

त्या रविवारी जेवणे उरकल्यावरही टेबलापासून कोणी उठले नाही. ताटे आत गेली, मेणकापडावरून ओला फडका फिरला, आणि पुसलेल्या जागेवर अक्कांनी आपली निळी फाइल आणून ठेवली. शाळेचे कागद जेवणाच्या टेबलावर आणावयाचे नाहीत, हा आप्पांचा नियम त्या घरात एक पिढीभर पाळला गेला होता. तो आज त्यांच्याच थोरल्या कन्येने मोडला आणि आप्पांनी भिवई उचलली नाही. विषय किती गंभीर आहे, हे एवढ्यावरूनच सर्वांच्या ध्यानात आले.

“उद्या अकरा वाजता यादी जाते,” अक्का म्हणाल्या. “शाळेतून कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं, म्हणून सांगते. टिटवीचं नाव चाळणीत राहिलंय.”

चाळणी हा शब्द त्या कुटुंबात कोणाला समजावून सांगावा लागत नसे. शालान्त परीक्षेचे अर्ज पाठविण्यापूर्वी शाळेत पूर्वपरीक्षा होई. तीत ज्याला दोन विषयांत चाळीसांहून कमी गुण पडत, त्याचा अर्ज त्या वर्षी जात नसे. पाया पक्का करून पुढील वर्षी यावे, असे त्याला सौम्य शब्दांत सांगण्यात येई. ही रीत आप्पांनी मुख्याध्यापक झाल्यावर घातली आणि चोवीस वर्षे चालविली. निवृत्तीनंतर त्यांची खुर्ची अक्कांकडे आली, आणि खुर्चीबरोबर रीतही आली. शाळेच्या दर्शनी भिंतीवर लाकडाचा निकालफलक होता; त्यावर तेहतीस वर्षांपुढे तेहतीस वेळा शंभर हा आकडा पांढऱ्या रंगात रंगविलेला होता. सरकारी माध्यमिक शाळेचा असा निकाल कसा लागतो, हे पाहण्यास दूरदूरचे शिक्षक येत, फलकापुढे उभे राहत आणि आप्पांना नमस्कार करून परत जात.

टिटवी ही धाकट्याची, म्हणजे आप्पांच्या धाकट्या मुलाची, एकुलती कन्या. जन्मल्यावर पहिले तीन महिने तिने रडून घर डोक्यावर घेतले होते, म्हणून हे नाव पडले. पुढे सोळाव्या वर्षी ती इतके कमी बोलू लागली की नाव तेवढे थट्टेपुरते उरले. या क्षणी ती बाहेरच्या खोलीत, आप्पांच्या फळ्याखाली, मांडीवर पाटी ठेवून काही लिहीत होती. मधले दार उघडेच होते.

“किती पडले?” तिच्या आईने विचारले. आप्पांची ही एकुलती सून सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. वाईट बातमी ऐकताना आधी आकडा विचारण्याची तिला सवय होती.

“गणितात तेवीस. विज्ञानात एकतीस.”

“शंभरापैकी?”

“अगं, पन्नासापैकी असते तर मी फाइल कशाला आणली असती?”

धाकटा हसला. तो लिफ्ट दुरुस्त करीत असे. नखांच्या कडांत ग्रीस कायमचे वस्तीला आले होते. “चला,” तो म्हणाला, “चाळणीत राहिलेला एक माणूस या घरात होताच. आता जोडी झाली.”

त्यावर कोणी हसले नाही. सव्वीस वर्षांपूर्वी आप्पांनी आपल्या पोटच्या मुलाचे नाव, इतरांच्या नावांसारखेच, निर्विकारपणे यादीतून गाळले होते. ही गोष्ट त्यांच्या निरोपसमारंभात सांगितली गेली आणि सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांत धाकटाही उभा होता. पुढल्या वर्षी तो शाळेत परतलाच नव्हता, हे मात्र त्या भाषणात कोणी सांगितले नाही.

अक्कांना ते सगळे आठवत होते. त्या आदल्या दिवसापासून मनाशी एकच वाक्य घोळवीत आल्या होत्या: नियम घरापासून सुरू होतो. आप्पांच्या तोंडून ते वाक्य त्यांनी लहानपणापासून ऐकले होते, आणि आज ते आपल्याला उच्चारावे लागेल याची त्यांनी तयारी केली होती. परंतु भावजयीच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर ते जिभेपर्यंत येऊन थांबले.

“पोरीचं लक्ष नाही,” आप्पा म्हणाले. “एकाग्रता नाही, दुसरं काही नाही. बुद्धी आहे. अक्षर बघा तिचं.”

“लक्ष कुठून असेल?” सून म्हणाली. “वर्गात सत्तेचाळीस मुलं. विज्ञानाला सहा महिने मास्तरच नव्हते. अक्का, खरं की नाही?”

“सहा नाही, पाच. आणि ते नव्हते ते सगळ्यांनाच नव्हते. बाकीची त्र्याऐंशी मुलं झालीच ना पार.”

“बाकीची त्र्याऐंशी शिकवणीला जातात.”

“टिटवीला शिकवणीची काय गरज? घरात शिक्षकांची रास पडलीय!”

“थांबा, थांबा,” मधला म्हणाला. “हे असं हवेत बोलण्यात अर्थ नाही.”

आप्पांच्या या मधल्या मुलाला घरात आकडेशास्त्री म्हणत. शिक्षण खात्यात तो संशोधन अधिकारी होता, आणि गेली दोन वर्षे सरकारी माध्यमिक शाळांतील मुलांच्या परीक्षेतील यशापयशावर कोणकोणत्या घटकांचा परिणाम होतो, या विषयावरील अहवाल तो सिद्ध करीत होता. त्याने लग्न केले नव्हते. त्याला पुरेसा मोठा नमुना मिळाला नाही, असे धाकटा म्हणे. त्याने पिशवीतून सत्तावीस प्रश्नांची छापील प्रश्नावली काढली, पेनाचे टोपण काढून उलट बाजूस लावले, आणि चष्मा वर सरकविला.

“मी कारण शोधून देतो. दहा मिनिटांत.”

“दोन वर्षांत नाही सापडलं ते दहा मिनिटांत?” धाकटा म्हणाला.

“तिथे चौदा हजार मुलं आहेत. इथे एकच आहे.”

त्याला मनातून खरोखरच उत्सुकता वाटत होती. आपल्या पुतणीचे गुण त्याने ऐकताक्षणीच मनातल्या सूत्रात घालून पाहिले होते, आणि सूत्र त्यांना मुळीच ओळख देत नव्हते. शाळा जवळ, घरात विजेची सोय, आजोबा गणिताचे नामांकित शिक्षक, आत्या मुख्याध्यापिका. अशा मुलीला गणितात अठ्ठ्याहत्तर ते चौऱ्याऐंशी गुण पडावयास हवे होते. तेवीस म्हणजे सूत्राचा अवमान होता.

“शाळेचं अंतर?”

“सहाशे पावलं,” सून म्हणाली.

“उपस्थिती?”

“एक दिवस चुकली नाही,” अक्का म्हणाल्या.

“सकाळी पोटात काही जातं?”

“हे काय विचारणं झालं? जातं की!”

“आईचं शिक्षण, परिचर्या पदविका. वडिलांचं शिक्षण...” पेन क्षणभर कागदावर अधांतरी राहिले. छापील पर्यायांत नेमका बसेल असा एकही पर्याय नव्हता.

“लिही ना,” धाकटा म्हणाला. “लाजतोस काय? लिही, अर्ज न गेलेला.”

मधल्याने ती चौकट कोरी सोडली आणि पुढे सरकला. अठराव्या प्रश्नापर्यंत सर्व उत्तरे अनुकूल होती. खिडकीबाहेर कोणीतरी हापसून सायकलीत हवा भरीत होते.

“एकोणीस. शाळेबाहेरचं मार्गदर्शन. कोणाकडून, आणि आठवड्याला किती तास.”

“आप्पा,” अक्का तत्काळ म्हणाल्या. “रोज सकाळी सहा ते आठ. रविवार सोडून. बारा तास.”

मधल्याने बारा लिहिले.

“माझ्याकडे?” आप्पा म्हणाले. “माझ्याकडे निवडक वर्ग असतो. त्यात बारा मुलं आहेत, तुझ्याच शाळेची पहिली बारा. टिटवी त्यात नाही.”

“पण ती तर तिथेच असते.”

“असते. फळा पुसते, कागद वाटते. तिचं गणित संध्याकाळी तू बघतेस ना?”

“मी?” अक्कांचा स्वर चढला. “आप्पा, मला शाळेतून सुटायला सात वाजतात. मी आजवर तिची वही उघडलेली नाही. तुमच्याकडे असते म्हटल्यावर मी कशाला मध्ये पडू? आणि विज्ञान तिची आई घेते.”

“मी कधी घेतलं?” सून म्हणाली. “दुपारपाळीला जाते, घरी येते तेव्हा पाय माझे नसतात. मला वाटायचं, रविवारी भावजींकडे बसते तेव्हा...”

सर्वांनी मधल्याकडे पाहिले. मधल्याने प्रश्नावलीकडे पाहिले.

“रविवारी ती माझे तक्ते पडताळते,” तो म्हणाला. “बेरजा नीट उतरल्यात की नाही ते. तिची नजर फार बारीक आहे.”

“किती तास?” धाकट्याने विचारले. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

“तीन. कधी चार.”

“आणि मी काय समजत होतो सांगू?” धाकटा म्हणाला. “मी समजत होतो, या घरात एवढे विद्वान आहेत, मी आपला लिफ्टवाला, तिच्या अभ्यासात तोंड घालायचं नाही. माझीच मला लाज वाटायची तिला काही विचारायला.”

प्रत्येकाने दुसऱ्याच्या नावावर धरलेले तास मधल्याने सवयीने, अंदाजाने, एकाखाली एक मांडले होते. एकूण एकोणतीस होत होते. तो त्या बेरजेकडे पाहत असताना सुनेने मान वळवून हाक मारली.

“टिटवे, जरा इकडे ये गं.”

ती आली. हातात पाटी तशीच होती, आणि पाटीवर रेघा मारलेला कागद. अक्षर खरोखरच सुरेख होते, टाकाने रेखाटल्यासारखे.

“काय चाललं होतं?” अक्कांनी विचारले.

“उद्याचे कागद. नऊ झाले, तीन राहिले.”

तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन आप्पांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हापासून निवडक वर्गाची गणिते आप्पा तोंडाने सांगत आणि टिटवी लिहीत असे: रोज सायंकाळी पंधरा गणिते, बारा प्रती. यंत्रावर प्रती काढता आल्या असत्या. परंतु हाताने लिहिलेला कागद समोर आला की विद्यार्थी तो आदराने सोडवतो, असे आप्पांचे मत होते, आणि ते मत कोणी तपासून पाहिले नव्हते.

“एकोणिसाव्या प्रश्नाचं उत्तर दे,” मधला म्हणाला. “तुला घरी आठवड्यात किती तास शिकवतात?”

टिटवीने आधी आप्पांकडे पाहिले, मग आत्याकडे. उत्तर ठाऊक असलेल्या, परंतु ते सांगण्याने कोणाचा तरी अपमान होईल हेही ठाऊक असलेल्या माणसासारखी ती थोडी थांबली.

“शून्य लिहा, काका.”

“असं कसं?” आप्पा म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना खरोखर उमगत नव्हते. “रोज पंधरा गणितं तुझ्या हाताखालून जातात. वर्षाची चार हजारांवर होतील. लिहितेस ना तू ती?”

“लिहिते.”

“मग लिहिताना सोडवत नाहीस?”

“उत्तराची जागा रिकामी ठेवायची असते ना, आप्पा.”

ती हे उद्धटपणे बोलली नाही. कामाची पद्धत सांगावी तसे तिने सांगितले, आणि तिन्ही कागद पुरे करावयाचे असल्यामुळे ती पुन्हा दाराकडे वळली. तिच्या आईने तिचा हात धरला आणि तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसविले.

धाकटा उभा राहिला. “अक्का,” तो म्हणाला, “तिचं नाव यादीत घाल.”

“घालता येणार नाही.”

“चूक तिची नाही हे आत्ता सगळ्यांनी ऐकलं. घाल.”

“तिला घातलं तर उरलेल्या दहांना काय सांगू? तुमच्या घरात मुख्याध्यापिका नाही, म्हणून तुम्ही पुढच्या वर्षी या?”

“ते तू बघ. माझ्या वेळी आप्पांनी घर बघितलं नाही. तू बघ. निदान एकदा तरी या घरात कुणीतरी आपल्या माणसाची बाजू घ्या!”

सून इतका वेळ मुलीच्या मनगटावर बोटे ठेवून बसली होती, जणू नाडी पाहत होती. नवऱ्याच्या बाजूने बोलावयाचे तिने ठरविले होते. शब्दही जुळविले होते. परंतु ‘उरलेले दहा’ हे शब्द कानांवर पडले, आणि तिचे लक्ष निळ्या फाइलकडे गेले.

“अक्का, ते दहा कोण आहेत?”

“तू त्यांना ओळखत नाहीस.”

“वाचा तरी.”

अक्कांनी स्वतंत्र कागद काढला. नावांपुढे वर्गशिक्षकांनी प्रत्येकाची माहिती एकेका ओळीत लिहिली होती. लाँड्रीवाल्याचा मुलगा, सकाळी घरोघर कपडे पोचवतो, पहिला तास चुकतो. जुळ्या बहिणी, एकच पुस्तकांचा संच. एक मुलगा मध्येच दुसऱ्या शाळेतून आलेला, तेथे विज्ञान निराळ्या क्रमाने झालेले. रंगाऱ्याची मुलगी, आई आजारी.

“रंगाऱ्याची?” सून म्हणाली. “मधोमध भांग पाडते? उंच आहे?”

“हो. का?”

“तिची आई माझ्याकडे आहे. बारा नंबरच्या खाटेवर, ऑगस्टपासून. ती मुलगी शाळा सुटली की येते आणि दिवे लावेपर्यंत खाटेजवळ बसते. गुडघ्यावर पुस्तक असतं.” ती थांबली. “मी तिला दोनदा हाकललंय. भेटीची वेळ संपली म्हणून.”

मग सून नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, “आपल्या एकटीचं नाव घालू नका, अक्का.”

“तू कुणाच्या बाजूने आहेस?” धाकट्याने विचारले.

“उद्या मला त्या बाईच्या खाटेपाशी जायचंय. आपली पोर बसली आणि तिची नाही, हे तोंड घेऊन मी जाणार नाही. घालायची तर अकराही नावं घाला. नाही तर एकही नको.”

“अकराही?” आप्पा म्हणाले.

त्यांच्या उच्चारात इतका निखळ विस्मय होता की मधल्याने अभावितपणे भागाकार करून टाकला. “चौऱ्याण्णवांपैकी त्र्याऐंशी. अकराही नापास झाले असं धरलं तर अठ्ठ्याऐंशी पूर्णांक तीन.”

“तुला कुणी विचारलं?” अक्का म्हणाल्या.

आप्पांनी डावा हात टेबलावर ठेवला. ते बोलू लागले की घरातील माणसे नकळत ताठ बसत, आताही बसली.

“तुम्हांला तो आकडा शोभेचा वाटतो. मी त्या शाळेत गेलो तेव्हा शंभरात एकतीस पास होत होते. शाळा बंद करण्याचा कागद तयार होता. मी डोळ्यांनी पाहिलाय. पहिल्या शंभरानंतर तो कागद परत गेला. दुसऱ्या शंभरानंतर प्रयोगशाळा आली. पाचव्यानंतर दोन शिक्षक वाढले. ज्या वर्षी अठ्ठ्याऐंशी होतील, त्या वर्षी तो कागद पुन्हा निघेल. आणि या मुलांच्या कपाळी नापासाचा शिक्का बसेल तो वेगळा. मी त्यांना त्या शिक्क्यापासून वाचवत होतो.”

हे सर्व खरे होते, आणि ते खरे आहे हे अक्कांइतके कोणाला ठाऊक नव्हते. त्याच प्रयोगशाळेत त्यांनी आपली पहिली नोकरी केली होती.

“शिक्का बसला असता तर चाललं असतं, आप्पा,” धाकटा म्हणाला.

तो आता पुन्हा बसला होता, आणि त्याचा आवाज अगदी साधा होता. “नापास झालेला माणूस निदान नापास असतो. त्याच्याकडे गुणपत्रिका असते, कशात गेला ते तिच्यावर असतं, तो पुन्हा बसतो. मी पासही नाही आणि नापासही नाही. मगाशी दादाच्या कागदावर मला चौकट नव्हती, बघितलीत ना? कंपनीत विचारतात, शालान्तला काय झालं? मी म्हणतो, काही झालं नाही. तुम्ही मला कशापासून वाचवलंत, ते मला अजून कळलेलं नाही.”

आप्पांनी त्याच्याकडे पाहिले. सव्वीस वर्षांत या विषयावर दोघांत एक वाक्यही झाले नव्हते. झाले ते हे.

“पुढल्या वर्षी यायला सांगितलं होतं तुला,” ते म्हणाले.

“हो. सांगितलं होतं.”

“किती परत येतात?” सुनेने मधल्याला विचारले. “चाळणीतले?”

मधल्याने चष्मा काढून पुसला. या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे असावयास हवे होते. चौदा हजार मुलांची माहिती त्याने गोळा केली होती: पुस्तके, वर्गसंख्या, शिक्षकांच्या रजा, घरातील दिव्यांची संख्या. त्या अहवालात आप्पांच्या शाळेवर एक स्वतंत्र प्रकरण होते, आणि त्याचा मथळा ‘एक अनुकरणीय शाळा’ असा होता.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “परीक्षेला बसलेल्यांचाच अभ्यास आहे माझा. जे बसत नाहीत, ते त्यात येतच नाहीत.”

“मग त्या अभ्यासाचं...” धाकट्याने वाक्य पुरे केले नाही. भावाचा चेहरा पाहून त्याला ते पुरे करण्याची गरज वाटली नाही.

अक्कांनी फाइल उघडली. पेन मधल्याच्या हातातून घेतले. त्र्याऐंशी नावांची यादी टंकलिखित होती. खाली त्यांच्या सहीची रेघ होती आणि मध्ये बोटभर मोकळी जागा. त्या जागेत अकरा ओळी मावतील का, याचा त्यांनी अंदाज घेतला. मग त्यांनी ती यादी बाजूला सारली आणि कोरा कागद घेतला.

“अक्का,” आप्पा म्हणाले, “विचार कर.”

“तुम्हांला विचारत नाही, आप्पा. सांगतेय. चौऱ्याण्णव जातील.”

“शाळेचं काय?”

“शाळेचं मी बघेन. कागद निघाला तर त्या कागदाशी मी भांडेन. तुम्ही एकतिसाशी भांडलात. मी अठ्ठ्याऐंशीशी भांडेन.” त्यांनी कोपर टेबलावर दाबून धरले. “शिवाय चार महिने आहेत. ती अकराही नापास होतीलच, असं तुम्ही सगळे कशावरून धरून चाललात? त्यांना अजून कुणी शिकवूनच बघितलेलं नाही.”

अक्का हजेरीपटाच्या क्रमाने नावे लिहू लागल्या. सून उठून स्वयंपाकघरात गेली आणि चहाचे आधण ठेवून ओट्याला टेकून उभी राहिली. धाकटा तिच्यामागे गेला. तेथून प्रथम कुजबूज, मग धाकट्याचे एक दबके हसू ऐकू आले. भांडण मिटले होते, किंवा पुढे ढकलले गेले होते.

टेबलाशी आप्पा, अक्का, मधला आणि टिटवी एवढीच माणसे उरली. आप्पा बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत बसले होते. त्यांना पटले होते असे नाही. परंतु आपल्या मताविरुद्ध घेतलेला निर्णयही घरातील असेल तर तो नीट पार पडला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

“पाटी इकडे आण,” ते टिटवीला म्हणाले. “लिही. दोन छेद तीन क्ष, बरोबर चौदा. क्ष काढायचा.”

तिने लिहिले.

“आता क्ष एकटा हवा. म्हणून क्ष बरोबर चौदा गुणिले तीन छेद दोन. सात त्रिक एकवीस. क्ष बरोबर एकवीस. आता हाच विचार कंस असलेल्या समीकरणाला लावायचा. कंस आधी सोडवला काय किंवा आधी दोन्ही बाजूंना छेदाने गुणलं काय, उत्तर तेच. पण दुसऱ्या रीतीत पायऱ्या कमी. समजलं?”

बाहेरच्या खोलीत, रोज सकाळी, या प्रश्नावर बारा माना एकदम हलत. त्या माना हलल्या की आप्पा पुढच्या गणिताकडे वळत. टिटवीचीही मान हलली. आप्पांनी पुढचे गणित सांगण्यासाठी तोंड उघडले.

“आप्पा,” ती म्हणाली, “तुम्ही फार भरभर सांगता.”

अक्कांचे पेन थांबले.

पंचेचाळीस वर्षे आप्पांनी शिकविले होते. त्यांच्या शिकविण्याविषयी सभांत पुष्कळ बोलले गेले होते, दोनदा छापूनही आले होते. हे वाक्य त्यांनी प्रथमच ऐकले. ते बोलण्याजोगी मुले त्यांच्यापुढे कधी बसलीच नव्हती; निदान फार काळ बसली नव्हती.

“कुठे सुटलं?” त्यांनी विचारले.

टिटवीने पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. “तीन छेद दोन कुठून आले? वर तर दोन छेद तीन होते.”

“अगं, भागाकारात अपूर्णांक उलटतो. ते सातवीत झालंय.”

“शाळेत झालं. माझं नाही झालं.”

मधला हळूच खुर्ची मागे सारून उठला. आप्पांच्या कपाटात शालान्त परीक्षेची तेहतीस वर्षांची गणिते बांधून ठेवलेली होती, प्रावीण्य परीक्षांची होती, परदेशी पुस्तकेही होती. त्याने तेथे पाहिले, अक्कांच्या मांडणीत पाहिले, खोलीभर नजर फिरविली, आणि हात हलवीत परत आला.

“सातवीचं गणिताचं पुस्तक घरात नाही,” तो म्हणाला.

“खालच्या मजल्यावर विचारा, भावजी,” आतून सुनेचा आवाज आला. “त्यांचा मुलगा सातवीत आहे. म्हणावं, दोन दिवसांनी परत देतो.”

“दोन दिवसांनी नाही देता येणार,” आप्पा म्हणाले. त्यांनी पाटी स्वतःकडे ओढून घेतली होती, आणि डाव्या हातात पेन्सिल कशी धरावी याची जुळवाजुळव चालविली होती. “दोन आठवडे लागतील. खरं ते सांग त्यांना.”

मधल्याने चपला पायांत सरकविल्या आणि तो दार उघडून जिन्याकडे निघाला.

“काका,” टिटवीने मागून हाक मारली, “सहावीचंपण मागा.”